एका पायाच्या चपला

१

डेपोतली तक्रारवही नाहीशी झाली, ही बातमी आत्याला सकाळच्या चहाआधीच कळली आणि तिचं डोकं जे फिरलं ते दिवसभर ठिकाणावर आलं नाही.

आत्या म्हणजे कुणाची सख्खी आत्या नव्हे. शहरबसच्या त्या डेपोत हरवल्या-सापडल्या वस्तूंची एक खोली होती, तिची ही कारकून. चोवीस वर्षं लोकांच्या छत्र्या, डबे, चष्मे आणि एकदा तर कुणाची कवळी सांभाळून तिची जीभ चांगलीच धारदार झाली होती. साहेबापासून सफाईवालीपर्यंत सगळे तिला आत्या म्हणत, आणि जरा अंतर राखूनच म्हणत.

बातमी आणली धाकटीनं. डेपोत तीन बायका कंडक्टर, त्यांतली ही वयानं लहान, म्हणून धाकटी. आज तिच्या अंगावर गणवेश नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या चालत्या गाडीतून कॉलेजातल्या एका मुलीनं उडी मारली आणि पायाची दोन हाडं मोडून घेतली. त्याच संध्याकाळी धाकटी निलंबित झाली. कारण काय, तर कंडक्टरचं लक्ष नव्हतं.

"आत्या, कपाटात वही नाही! चार वाजता माझी चौकशी आहे, मुख्य कचेरीचे अधिकारी यायचेत, आणि वही नाही!"

"बस आधी. पाणी पी. नीट सांग."

"काय नीट सांगू? चौदा मिनिटं उशिरा सोडलेली गाडी, दोन गाड्यांची माणसं एकीत कोंबलेली. मी मागच्या दाराशी, ती पोरगी मधल्या दांड्यापाशी. तिथून ओरडली, 'ताई, याला बघा!' मी गर्दीतून घुसतेय तोवर तिनं दार गाठून उडी टाकली. रस्त्यावर माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. 'मी टोचलंय त्याला, हात मागून आला, तोंड दिसलं नाही,' एवढंच म्हणाली आणि शुद्ध हरपली. हे सगळं मी त्याच दिवशी वहीत लिहिलंय. त्याआधी तीन महिन्यांत दहा बायकांनी असंच सांगितलं, तेही मीच लिहून घेतलंय. ही अकरावी."

"आणि पोरगी? ती काय म्हणते?"

"बापानं तिला बोलायची बंदी केलीय. अब्रू जाईल म्हणे."

"हाडं हिची मोडली आणि अब्रू त्याची गेली! वा रे वा!" आत्यानं टेबलावर हात आपटला. "मेल्या त्या वहीला पाय फुटले नाहीत. कुणीतरी नेलीय."

धाकटीचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "नोकरी गेली तर गेली, आत्या. पण हिच्यामुळं एका पोरीचा पाय मोडला, असं कागदावर राहील. जन्मभर राहील. आणि तो माणूस उद्याही कुठल्यातरी गाडीत चढेल."

त्या कपाटाच्या किल्ल्या तीन. एक साहेबाकडे, एक चेकरकडे आणि एक टाइमकीपरच्या केबिनमध्ये. आत्यानं चष्मा पुसून नाकावर चढवला आणि चहा तसाच टाकून निघाली.

२

टाइमकीपर म्हणजे डेपोच्या फाटकाशी काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या सोडणारा माणूस. त्यानं हात दाखवल्याशिवाय एकही बस हलत नाही. दोन पाळ्यांना दोघं होते, आठवड्याआड पाळी बदलायची. या आठवड्यात सकाळपाळीला घड्याळबुवा होता.

त्याला हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत बंद, समोर गाड्या सुटल्याची लांबरुंद नोंदवही आणि बाजूला तीन रंगांची पेनं. बोलणं मऊ, वागणं सभ्य. आत्याला त्यानं उठून खुर्ची दिली.

"फार वाईट झालं, आत्या. काल दोन वाजता पाळी सोपवली तेव्हा वही कपाटात होती. सकाळी सहाला बघतो तर जागा रिकामी. मीच साहेबांना कळवलं."

"तुम्हाला कुणाचा संशय?"

"मी कशाला कुणाचं नाव घेऊ? मी बरा, माझं काम बरं. सहा ते दोन ही काच, आणि मग घर." त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. डेपोच्या भिंतीला लागूनच नोकरांची घरं होती. दोरीवर त्याचेच पांढरे शर्ट वाळत होते. "चाळीस पावलांवर घर. म्हणून तर अकरा वर्षांत एकदाही उशीर नाही."

बोलता बोलता त्यानं वेळ बघायला डावं मनगट वर केलं, मग जरा चाचपडून उजवं. घड्याळ उजव्या हातात होतं.

"त्या दिवशी धाकटीची गाडी उशिरा का सुटली हो?"

"पाण्याची गळती वाटली, तपासायला थांबवली. नोंद आहे ना! माझ्या वहीत एक मिनिट इकडचं तिकडं नाही, आत्या. एक खाडाखोड दाखवा आणि माझा पगार न्या." त्यानं वही अशी सरकवली, जणू मुलाचं गुणपत्रक दाखवतोय. अक्षर खरंच छापल्यासारखं होतं.

"घेऊन जाते तासभर. चौकशीत लागेल."

"न्या की. तोवरच्या गाड्या कागदावर टिपून ठेवतो. फक्त पानं दुमडू नका."

३

साहेबाच्या खोलीत भिंतीवर एक पितळी ढाल लटकत होती. 'तक्रारमुक्त डेपो, प्रथम क्रमांक.' सलग दुसरं वर्ष. आत्यानं ढालीकडे बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, अकरा तक्रारी लिहिलेल्या असताना ही ढाल कशी काय मिळाली?"

"आत्या, तुम्ही आपल्या छत्र्या सांभाळा ना."

"सांभाळतेच आहे. वही तुम्ही नेली का?"

साहेब एवढा मोठ्यानं हसला की त्याचं पोट टेबलाला लागलं. "मी कशाला चोरू? चोरायला आधी ती वाचावी लागेल. तीन महिने मी ती उघडलेलीसुद्धा नाही! वर काही पाठवलंच नाही तर वर काही पोचत नाही. साधी गोष्ट आहे."

हे ऐकून आत्याला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण एक होतं, माणूस खरं बोलत होता. ज्याला वही असून नसल्यासारखीच आहे, तो ती पळवायचे कष्ट घेणार नाही. आळस हीच त्याची निर्दोष असल्याची साक्ष होती.

चेकर उपाहारगृहात नाश्ता करत बसला होता. दिवसभर या गाडीतून त्या गाडीत चढणारा, तिकिटं तपासणारा माणूस. त्याच्याइतका बायकांच्या गर्दीत फिरणारा डेपोत दुसरा कुणी नव्हता, आणि तोंड तर असं की देवा वाचव.

"गर्दीत धक्का लागणारच," तो तोंडात घास घेऊनच म्हणाला. "एवढी अंगाची काळजी असेल तर बायकांनी टॅक्सीनं जावं."

"तुमच्या बायकोला सांगता का हेच?"

त्यावर तो चिडून म्हणाला, "माझ्याकडे असं बघू नका, आत्या. मी चढलो त्या प्रत्येक गाडीच्या कागदावर माझी सही आहे, वेळेसकट. काढा आणि तपासा. आणि दीड ते अडीच मी जेवतो. त्या वेळी कॉलेज सुटतं, कपड्यांचा कारखाना सुटतो, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा तिकिटं तपासायला मी काय वेडा आहे?"

त्याचा हात आत्यानं नीट निरखला. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर, कुठं ओरखडाही नाही. मग टोचलं कुणाला होतं?

४

खोलीत परतल्यावर आत्या रागारागानं मांडणी आवरायला लागली. राग आला की ती आवराआवर करायची. वरच्या फळीवर छत्र्या, मधल्या फळीवर डबे आणि खालच्या फळीवर चपला.

तिथं तिचा हात थांबला.

चपला होत्या नऊ. नऊही बायकी, आणि नऊही एकेका पायाच्या. तुटलेल्या अंगठ्याची एक, बक्कल उखडलेली एक, टाच मोडलेली एक.

"धाकटे," तिनं हळूच हाक मारली. "माणूस गाडीत छत्री विसरतं, डबा विसरतं. एक चप्पल कसं विसरेल गं?"

धाकटी आली आणि फळीकडे बघतच राहिली. "विसरत नाही, आत्या. सुटते. बाई जिवाच्या आकांतानं गर्दीतून बाहेर पडते तेव्हा पायातून निघते, आणि ती घ्यायला परत वळायची हिंमत नसते."

आत्या मटकन स्टुलावर बसली. यांतल्या काही जणी विचारायला आल्या होत्या. वस्तू परत न्यायला साहेबाची सही लागते आणि सही फक्त सोमवारी मिळते, म्हणून बिचाऱ्या फोन नंबर लिहून गेल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. त्यांतल्या एकीला, कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बाईला, आत्यानं हसून विचारलं होतं, "एक चप्पल विसरलीस? मग दुसरा पाय कुठं होता, घरी?" ती बाई मान खाली घालून निघून गेली होती.

"मी हसले गं तिला," आत्या म्हणाली. "माझ्या जिभेला हाड नाही. ती सांगायला आली असेल आणि मी हसले!"

धाकटीनं फळीच्या कोपऱ्यातून एक वस्तू काढली. कंपासपेटीतलं कर्कटक, दोन्ही पाय सुईसारखे टोकदार. स्क्रू आवळलेला, पाय बोटभर उघडे, अजिबात न हलणारे. त्याच्या चिठ्ठीवरची तारीख पंधरा दिवसांपूर्वीची होती आणि गाडी धाकटीचीच होती.

सफाईवाली गाडी झाडते तेव्हा सापडलेल्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधते. त्यावर तारीख, गाडीचा नंबर, कुठल्या मार्गाहून आली आणि परत डेपोत कधी आली ती वेळ. डेपोचा जुना नियम. वही नेणाऱ्याला कपाट माहीत होतं, ही फळी त्याच्या खिजगणतीतही नव्हती.

आत्यानं चपलांच्या नऊ चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या; कर्कटकाची चिठ्ठी त्यांतल्याच एका फेरीची होती. मार्ग वेगळे, ड्रायव्हर वेगळे, परतीच्या वेळा तीनपासून पाचपर्यंत विखुरलेल्या. चेकरची सही नवांपैकी एकाही फेरीच्या कागदावर नव्हती. काही केल्या मेळ बसेना.

मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि प्रत्येक तारखेला लाल ठिपका दिला. तीन महिन्यांचे ठिपके तिनं बोट ठेवून पुन्हा मोजले. एका आठवड्यात ठिपके, पुढचा आठवडा कोरा. मग पुन्हा ठिपके, पुन्हा कोरा. एकदाही चूक नाही.

"आठवड्याआड," धाकटी पुटपुटली. "आत्या, आपल्या डेपोत आठवड्याआड काय बदलतं?"

५

"थांब, घाई नको," आत्या म्हणाली.

चिठ्ठीवर परतीची वेळ होती, सुटण्याची नव्हे. कुठला मार्ग तासाचा, कुठला तीन तासांचा. धाकटीला सगळे मार्ग तोंडपाठ. तिनं एकेका चिठ्ठीतून फेरीचा वेळ वजा करून दिला. नऊच्या नऊ गाड्या डेपोतून सुटल्या होत्या दोनला पाच-दहा मिनिटं कमी असताना.

आता आत्यानं घड्याळबुवाची ती सुंदर नोंदवही उघडली. पहिली तारीख. ठरलेली वेळ एक चाळीस, सुटली एक बावन्न, उशीर बारा मिनिटं. दुसरी तारीख, उशीर तेरा मिनिटं. तिसरी, अकरा. नऊच्या नऊ वेळा. आणि प्रत्येक वेळी त्या ओळीखालीच त्याची पाळी सोपवल्याची सही.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "हा गर्दी बनवतो."

धाकटीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"कॉलेज सुटतं, कारखाना सुटतो. फाटकाबाहेर बायकांची रांग लागते. हा काचेतून बघत बसतो. गाडी उभी असते, ड्रायव्हर तयार असतो, आणि हा मुद्दाम हात दाखवत नाही. कधी गळती, कधी टायर. दोन गाड्यांच्या बायका एका गाडीत कोंबल्या गेल्या की सही ठोकतो आणि स्वतः त्याच गाडीत चढतो!"

"पण मी त्याला कधी चढताना पाहिलं नाही."

"तू मागच्या दाराशी. नोकरमाणसं पुढच्या दारानं चढतात, त्यांना तिकीट नाही, नोंद नाही. ड्रायव्हरांना फोन लाव. एकच विचार, घड्याळबुवा दुपारी घरी कसा जातो?"

धाकटीनं तीन ड्रायव्हरांना फोन लावले. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. पाळी संपली की जी गाडी शेवटची सोडतो तिनंच जातो, पुढून चढतो, पाच-सहा थांब्यांनी उतरतो. त्यात काय विशेष?

"विशेष एवढंच," आत्या दातओठ खात म्हणाली, "की त्याचं घर चाळीस पावलांवर आहे."

दोन वाजून गेले होते. हरवलेली वस्तू विचारायला येणाऱ्यांचे फोन नंबर ज्या वहीत असत ती आत्यानं काढली आणि चपलावाल्या बायकांचे नंबर शोधायला लागली. सहा जणींचे सापडले. सातवा फोन धाकटीनं इस्पितळात लावला. पलीकडे मुलीची आई होती. तिनं धाकटीचं बोलणं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

६

चार वाजता साहेबाच्या खोलीत चौकशी सुरू झाली. मुख्य कचेरीचे अधिकारी वयस्क होते, कंटाळलेले होते. साक्षीदार म्हणून घड्याळबुवा ताठ बसला होता. चेकर दाराशी उभा होता.

"तक्रारवही उपलब्ध नाही," अधिकारी म्हणाले. "तेव्हा अशा तक्रारी होत्या याला पुरावा काय?"

"हा," असं म्हणून आत्या आत घुसली आणि तिनं टोपली टेबलावर पालथी केली. नऊ चपला आणि ते कर्कटक फायलींवर पडलं.

"आत्या, हे काय चाललंय!" साहेब उठला.

"बसा, साहेब. सकाळी तुम्हाला हसू येत होतं, आता ऐका." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. चिठ्ठ्या, लाल ठिपके, सुटण्याच्या वेळा. शेवटी नोंदवही उघडून तिनं एकेका ओळीवर बोट ठेवलं. अधिकारी आधी मागे रेलले होते, ते आता पुढे झुकले.

"आठवड्याआड बदलतो फक्त टाइमकीपर. दुसऱ्या पाळीवाला असता तर ठिपके कोऱ्या आठवड्यांत पडले असते. हा सकाळपाळीला असतो, तेव्हाच गाडीतून बायका उड्या मारतात."

घड्याळबुवाचा आवाज तसाच मऊ होता. "गाडीला उशीर होणं हा गुन्हा कधीपासून झाला? आणि गाडीत बसणं? माझं बहिणीकडे जाणं असतं."

"कुठं राहते बहीण? नऊ तारखांना पाच वेगवेगळ्या मार्गांवर?" धाकटी पहिल्यांदाच बोलली.

तेवढ्यात दारात हालचाल झाली. चेकर बाजूला सरला. एक बाई आत आली, तिच्या हातात एक चप्पल होती. तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. सहांपैकी चौघी आल्या. शिवणकामवाली सगळ्यात पुढे होती. तिनं टेबलावरची बक्कल उखडलेली चप्पल उचलून आपल्या हातातल्या चपलेशेजारी ठेवली. आत्या तिच्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी हसले. चुकले मी." त्या बाईनं मान हलवली.

पाचवी बाई येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. घाईत आलेली, केस विस्कटलेले. तिच्या हातात मुलीच्या मापाची उजव्या पायाची चप्पल होती. डावी टेबलावर होती, टाच मोडलेली.

"माझ्या लेकीची आहे," ती म्हणाली. मग कर्कटक दिसल्यावर तिनं ते उचलून घट्ट धरलं. "हेही तिचंच. तिचे वडील म्हणाले, गप्प बस. पंधरा दिवस मी गप्प बसले. पोरगी झोपेत किंचाळते. तिनं मला सांगितलंय, हात कमरेवर होता, तिनं त्याच्या मनगटात हे दोन्ही टोकांनी खुपसलं."

आत्यानं शांतपणे विचारलं, "घड्याळबुवा, अकरा वर्षं घड्याळ डाव्या हातात होतं. अजूनही वेळ बघायला आधी डावाच हात वर जातो. मग उजव्या हातात कधीपासून आणि का?"

"पट्टा... पट्ट्यानं चट्टा उठला."

"बाही वर करा," अधिकारी म्हणाले.

"हा अपमान आहे."

"बाही वर करा!"

त्यानं सावकाश बटण काढलं. मनगटावर मळकी पट्टी होती. पट्टीखाली पिकून सुकलेल्या दोन खपल्या, शेजारी शेजारी. मुलीच्या आईनं कर्कटक पुढे केलं. त्याची दोन टोकं बरोबर त्या दोन खपल्यांसमोर आली. अधिकाऱ्यांनी तोंड फिरवलं. साहेबाच्या कपाळावर घाम आला होता.

"वही कुठंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"जाळली," घड्याळबुवा म्हणाला. टोचल्याचं त्यात लिहिलं होतं आणि आज ते मोठ्यानं वाचलं जाणार होतं. एवढं बोलूनही त्याचा चेहरा कोरडाच होता. बायकांकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

अधिकाऱ्यांनी धाकटीचा निलंबनाचा कागद घेतला आणि आडवी रेघ मारली. "उद्यापासून कामावर या. साहेब, पोलिसांना फोन लावा. आणि यांच्या तक्रारी आत्ताच्या आत्ता लिहून घ्या."

"लिहून घेतो की," साहेब गडबडला. "पण तक्रारवहीच नाही, तर लिहायचं कशात? नवी मागवायला निदान आठ दिवस..."

आत्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तो वाक्य गिळून बसला. मग तिनं टेबलावरची नोंदवही ओढली, घड्याळबुवाची, छापल्यासारख्या अक्षराची. आजचं पान उघडलं. अर्धं कोरं होतं.

"यात लिहा."

"त्यात नाही!" घड्याळबुवा ताडकन उठला. दुपारभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "त्या वहीला हात लावू नका! अकरा वर्षांत एक खाडाखोड नाही तिच्यात! वही खराब होईल माझी!"

चेकरनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि तसाच धरून ठेवला.

मुलीच्या आईनं आधी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग धाकटीच्या हातातून पेन घेतलं.

"वेळ काय लिहू?" तिनं विचारलं.

"एक चोपन्न," धाकटी म्हणाली.

ती वाकून लिहायला लागली. तिला लिहायची सवय नव्हती. अक्षरं मोठी मोठी, वाकडी, त्याच्या आखलेल्या रकान्यांवरून आडवी जाणारी. एक शब्द चुकला, तो तिनं जोरात खोडला आणि पुन्हा लिहिला. तिच्या मागे चौघी जणी चपला हातात घेऊन रांगेत उभ्या होत्या.